जनाबाई चित्रात कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीसाठी ‘संस्कारक्षम’ पुस्तकांची यादी आली होती. यादी वाईट नव्हती, पण संतचरित्रं आणि बोधकथा सोडून ती पुढे सरकलीच नाही. देवाधर्माचं पुस्तक हाती दिलं की मूल आतून वाढतं, असं काहीसं त्यात धरून चाललेलं दिसलं. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. निवृत्तीनंतर दर शनिवारी गावातल्या विठ्ठल मंदिराच्या ओवरीत सतरंजी टाकून मुलांपुढे चित्रपुस्तकं मांडून बसते. तिथे जे पाहिलं, त्यावर हे पत्र.

हंगामात आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुलंही ओवरीत येतात, धाकट्या भावंडाला काखेत घेऊनच. अशाच एका मुलीच्या हाती जनाबाईचं पुस्तक आलं. चित्रातली जनाबाई गोरीपान, लुगडं चापूनचोपून नेसलेलं, जात्याच्या खुंट्यावर हात कसा, तर फूल धरल्यासारखा. पोरीने चित्र पाहिलं, मग आपला पंजा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “बाई, हिला दळायची सवय न्हाई.”

मला हसू आलं आणि मग बराच वेळ ते बोलणं डोक्यातून जाईना. त्याच मालेतलं चोखोबांचं पुस्तक काढलं. तेही गोरे, धोतराला इस्त्री, आणि थेट गाभाऱ्यात देवाच्या पायाशी! ज्या माणसाला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, ज्याची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ बाहेरच आहे, तो चित्रात किती सहज आत जाऊन बसला. पंढरीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, हे त्या चित्रावरून कोणत्या मुलाला कळणार? ‘चोखोबा बाहेर का?’ हा प्रश्न मुलाला पडूच नये, अशी सोय चित्रकाराने करून ठेवली आहे. त्याच्या जागी शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य. मुलं ते पान वाचत नाहीत, हे मी शपथेवर सांगते.

त्या आठवड्यात अख्खं कपाट जमिनीवर उतरवलं. शंभराच्या वर पुस्तकं निघाली. बहुतेकांत घर म्हणजे उतरतं लाल छप्पर नि पुढे बाग, आई ओट्यापाशी, बाबा पेपर वाचताहेत. ऊसतोडवाले राहतात ती पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, कुठेच नाही. चाकाच्या खुर्चीतलं मूल एकाच पुस्तकात, तेही दया येण्यापुरतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका केंद्राने १९८५ साली अशी मोजणी केली होती. वर्षभरात निघालेल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती फक्त १८. तिकडे निदान दरवर्षी मोजायला तरी लागले.

आपल्याकडे चांगलं काही नाहीच असं मात्र नाही. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं मुलं झिजेपर्यंत वाचतात. त्यांतली माणसं वेंधळी असतात, रुसतात, आणि उपदेश कोणी करत नाही. चेन्नईचं तूलिका प्रकाशन मराठीतही पुस्तकं काढतं. ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीविव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून फुकट वाचायला मिळतं, त्यात मराठी गोष्टी भरपूर आहेत. या पुस्तकांना पुरवणीत चार ओळी मिळाल्या, तर गावोगावच्या शिक्षकांना उपयोग होईल.

आता स्वतःविषयी, कारण हे सगळं मी दुसऱ्यांना ऐकवत बसले होते. एका चित्रपुस्तकात एक मुलगा अब्बांचं बोट धरून ईदच्या नमाजाला जातो. बस, गोष्ट एवढीच. ते पुस्तक मी कपाटाच्या मागच्या रांगेत सारून ठेवलं होतं. देवळाची ओवरी आहे, उगाच कोणी बोलायला नको. खरं तर तोवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. मीच आधीच घाबरले होते. रोज संध्याकाळी त्याच ओवरीत मी पसायदान म्हणते, ‘जो जे वांछील तो ते लाहो’ला आवाज चढवते, आणि पाठीमागच्या कपाटात हा प्रकार! हरिपाठाच्या इतक्या वर्षांनी आपण कुठवर आलो, ते मला त्या दिवशी नेमकं कळलं. फार लांब आलो नव्हतो.

पुढच्या शनिवारी ते पुस्तक वरच मांडलं. काहीही झालं नाही. एका मुलाने “शीरखुर्मा म्हणजे काय?” विचारलं, दुसऱ्याने शेवयाची खीरच ती, म्हणून सांगितलं, तिसऱ्याने खजूर असतो म्हणून वाद घातला आणि अर्धा तास खाण्यातच गेला. पुजारीकाका पलीकडे समईच्या वाती वळत बसले होते. जाताना म्हणाले, “आमच्या लहानपणी शेजारून डबा यायचा.”

मग आषाढीच्या आधी मुलांना एक काम दिलं. जनाबाईंचा ‘विठो माझा लेकुरवाळा’ म्हणून दाखवला आणि सांगितलं, हे काढा. तो अभंग म्हणजे चित्रपुस्तकाचं एक पानच आहे. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागे, गोरा कुंभार मांडीवर, बंका कडेवर, नामा करंगळी धरून. ब्राह्मण, कुंभार, शिंपी, महार अशी सगळी पोरं एकाच बापाच्या अंगाखांद्यावर. खडूंची मारामारी झाली, काळा खडू आधी संपला. एकाने गोरोबांना मिशा काढल्या आणि मिशाळ माणूस मांडीवर मावेना म्हणून विठोबाची मांडी कागदाबाहेर गेली.

पंजा पाहणारी ती पोर तेव्हा गावी परतली होती, नाहीतर तिने काय काढलं असतं कोण जाणे. पण आमच्या गल्लीतल्या एका सहा वर्षांच्या मुलीने चित्र निम्म्यावर सोडून विचारलं, “आजी, यात जनाबाई कुठे आहे?” मी अभंग पुन्हा मनात म्हणून पाहिला. खरंच, ती कोणाच्या खांद्यावर नाही, कडेवर नाही. मला उत्तर सुचेना. तेवढ्यात तिच्या शेजारच्या मुलाने मान वर न करताच सांगितलं, “ती फोटो काढतेय.”

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
जि. सातारा