बाबा, गेमिंग कॉम्प्युटर घेऊ नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही "राहू दे गं, आपल्या आवाक्यातलं नाही ते" म्हणालात आणि विषय बदललात. ते मला सलत राहिलं. दुकानदारानं तुम्हाला काचेच्या कॅबिनेटचं, आत रंगीत दिवे असलेलं यंत्र दाखवलं आणि याच्याशिवाय स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे डावपेचांचे खेळ, चालणारच नाहीत असं ठामपणे सांगितलं. ते खरं नाही. तुम्हाला जे खेळ खेळायचे आहेत, ते त्याहून कितीतरी कमी खर्चात उत्तम चालतात. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. आई, तूही वाच, कारण यंत्र बघायला जाताना तू बरोबर असलेली मला हवी आहेस.

आधी हे खेळ यंत्राकडून काय काम करून घेतात ते सांगते. गोळीबाराच्या किंवा शर्यतीच्या खेळांत चित्र सतत भराभर बदलत राहावं लागतं, तिथे ग्राफिक्स कार्डाचा कस लागतो. सिव्हिलायझेशनसारख्या पाळीपाळीनं खेळायच्या खेळांचं तसं नसतं. तुम्ही तुमच्या चाली करता, पाळी संपवायचं बटण दाबता, आणि मग यंत्र विचाराला लागतं: प्रत्येक प्रतिस्पर्ध्यानं कुठे शहर वसवायचं, कोणती तुकडी कुठे हलवायची, कुणाशी तह करायचा. सुरुवातीला हे क्षणात होतं. नकाशा शहरांनी आणि सैन्यानं भरला की हीच पाळी लांबत जाते आणि आपण पडद्याकडे बघत बसतो. हे सगळं काम प्रोसेसरचं, म्हणजे यंत्राच्या मेंदूचं. चित्र जरासं अडखळलं तरी तुमचा डाव त्यानं हरत नाही. म्हणून पैसे कमी असतील तेव्हा ते आधी प्रोसेसरवर आणि रॅमवर, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीवर, घालायचे, ग्राफिक्स कार्डाचा विचार सगळ्यांत शेवटी.

पहिलं सिव्हिलायझेशन १९९१ साली आलं तेव्हा ते ६४० किलोबाइट मेमरीत चालायचं. २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीलाही बनवणाऱ्यांनी किमान म्हणून इंटेल कंपनीच्या कोअर आय-थ्री दर्जाचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅमच मागितली आहे, आणि नीट खेळण्यासाठी चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आणि ८ जीबी. आज हे अगदी साधं यंत्र झालं. २०२५ मध्ये आलेली सातवी आवृत्ती जास्त मागते. तिच्या वाटेला सध्या जाऊ नका, सहावीत वर्षानुवर्षं पुरेल एवढा खेळ आहे. टोटल वॉरच्या नव्या आवृत्त्याही बाजूला ठेवा. हजारो सैनिक एकाच वेळी पडद्यावर लढताना दाखवायचे म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही दमदार लागतात, ते आपल्या हिशेबात बसणार नाही.

आता घ्यायचं काय? मोठ्या कंपन्या दर काही वर्षांनी आपले सगळे कॉम्प्युटर एकदम बदलतात. जुनी यंत्रं साफ करून, तपासून रिफर्बिश्ड म्हणून विकली जातात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. दिसायला अगदी काळे, साधे डबे. पण हे रोज तासन्‌तास चालावेत म्हणूनच बनवलेले असतात, आवाज कमी करतात आणि उघडायलाही सोपे असतात. लॅपटॉपच्या मागे लागू नका. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त काम देतो, गरम कमी होतो आणि पुढे त्यात भर घालता येते.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पिढी बघणं, आणि इथेच लोक फसतात. "आय-सेव्हन आहे" एवढं ऐकून खूश व्हायचं नाही. नावातल्या आडव्या रेघेनंतरचा आकडा बघायचा. आय-फाइव्ह-८५०० म्हणजे आठवी पिढी, १०५०० म्हणजे दहावी. २६०० लिहिलेला आय-सेव्हन २०११ सालचा आहे. त्याच्यापेक्षा मी आठव्या पिढीचा आय-थ्री घेईन. तुम्ही आठव्या पिढीचा किंवा पुढचा आय-फाइव्ह शोधा. सातव्या पिढीपर्यंत डेस्कटॉपच्या आय-फाइव्हला चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, असायचे, आठव्यात सहा झाले. आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाहीत. म्हणूनच जुनी यंत्रं एकदम स्वस्तात निघताहेत. त्या स्वस्ताईला भुलू नका.

इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर मिळाला तर आणखी चांगलं, कारण नावाच्या शेवटी 'जी' असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स इंटेलच्या त्या काळच्या ग्राफिक्सपेक्षा बरेच सरस असतात. ३४००जी किंवा ५६००जी दिसला तर बिनधास्त विचार करा. २४००जी मात्र नको. चालतो छान, पण विंडोज ११ च्या यादीत तो नाही. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर सहावं सिव्हिलायझेशन चालतं, फक्त सेटिंग खाली आणावं लागतं आणि पाण्यावरची चमक, झाडांच्या सावल्या बंद कराव्या लागतात. त्यानं खेळ बदलत नाही.

रॅम १६ जीबी असू द्या, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच १६ ची पट्टी नको. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकाच वेळी माहिती उचलतो, आणि वेगळं कार्ड नसलेल्या यंत्रात ग्राफिक्सही हीच रॅम उसनी घेतात, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडतो. यंत्र ८ जीबीवर मिळालं तरी चालेल, दुसरी पट्टी आपण नंतर घालू. हार्ड डिस्क फिरती नसावी, आत काही न फिरणारी एसएसडीच हवी. साठवलेला मोठा डाव उघडताना तिच्यामुळे किती वेळ वाचतो ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

कॅबिनेटचा आकारही बघा. हे कॉम्प्युटर तीन आकारांत मिळतात. हातात मावेल एवढ्या लहान डब्यात सहसा कार्ड बसतच नाही. मधल्या आकारात फक्त कमी उंचीचं कार्ड बसतं. उभा टॉवर मिळाला तर तोच घ्या. पुढेमागे कार्ड घालायचं झालंच, तर या यंत्रांच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, कार्डासाठी वेगळी वायर बहुतेक वेळा निघत नाही. म्हणून मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य पाटीच्या, स्लॉटमधूनच मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागणारं कार्ड लागेल, जीटीएक्स १६५० च्या तसल्या प्रकारासारखं. पण ते आत्ता नको. आधी कार्डाशिवाय काही महिने खेळून बघा, मला वाटतं तुम्हाला त्याची गरजच पडणार नाही.

यंत्र बघायला जाल तेव्हा घाई करू नका. आधीच चालू करून ठेवलेलं यंत्र दाखवलं तर बंद करायला सांगा आणि तुमच्यासमोर चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स म्हणून भाग आहे. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि किती स्लॉट भरलेले, सगळं लिहिलेलं असतं. बाहेरच्या स्टिकरवर नाही, यावर विश्वास ठेवायचा. सेटिंगमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड दिसतंय का ते बघा. बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हेही विचारा, नाहीतर पुढे अडकायला होतं. मग बाजूचं झाकण उघडायला सांगा. पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या धातूच्या पत्र्यांत धुळीचा थर बसला असेल, तर साफ केलंय हे म्हणणं खोटं. मदरबोर्डवरचे छोटे उभे कॅपॅसिटर माथ्यावर फुगलेले नाहीत ना, ते आई बघेल, बारीक गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नाहीत. तारीख-वेळ चुकीची दिसली तर घाबरू नका, नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी बदलली की काम होतं. यंत्र अर्धा तास चालू राहू द्या. पंखा उगाच गुरगुरायला लागला किंवा यंत्र आपोआप बंद पडलं तर नमस्कार करून निघा. परत करायची मुदत आणि वॉरंटी कागदावर लिहून घ्या.

उरलेले पैसे मॉनिटरवर घाला. हे मी आग्रहानं सांगते. या खेळांत सतत आकडे वाचायचे असतात, बारीक बारीक चिन्हं ओळखायची असतात, आणि बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही लहान पडद्याकडे मान पुढे काढून बघता ते मला अजिबात आवडत नाही. २४ इंचाचा साधा फुल एचडी पडदा घ्या. त्यावर अक्षरं आणि बटणं मोठी करता येतात का, ते मी बघेन. कीबोर्ड घरातला जुनाच चालेल, माउस मात्र हाताला बसणारा असू दे.

खेळांवर लगेच खर्च नकोच. बॅटल फॉर वेसनॉथ २००३ पासून फुकट आहे, षटकोनी घरांच्या पटावर पाळीपाळीनं खेळायचा. तुमच्यासारख्या बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाला तो पहिल्या तासात पकडेल. फ्रीसिव्ह आणि युनसिव्ह हे सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरचे, तेही फुकट. चालत्या घड्याळावरचे खेळ बघायचे असतील तर झिरो एडी आहे. हे तर तुमच्या आत्ताच्या जुन्या लॅपटॉपवरही बघता येतील, आजच. सहावं सिव्हिलायझेशन स्टीमवर, म्हणजे खेळांच्या ऑनलाइन दुकानात, अधूनमधून खूप उतरतं, पूर्ण किमतीला कधीच घ्यायचं नाही. आणि स्टीमवर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत, २ तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. म्हणजे आपल्या यंत्रावर चालतो की नाही ते स्वतः बघून ठरवता येईल.

आई, तू म्हणशील या वयात हे खूळ कशाला. मला मात्र आठवतं, डाव अडला की बाबा उठून माझ्या बाजूला येऊन उभे राहायचे आणि पट माझ्याकडून बघायचे. काही बोलायचे नाहीत. परत जागेवर जाऊन बसले की त्यांची चाल बदललेली असायची. निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर बसायला रोज कुणी नाही, आणि ते मागणारही नाहीत. त्यांनी स्वतःहून एक गोष्ट मागितली आहे, तर ती व्हायला हवी. आणि खेळ एकट्याचाच असतो असं नाही. सिव्हिलायझेशनमध्ये आणि वेसनॉथमध्येही एकाच कॉम्प्युटरवर दोघांना आळीपाळीनं खेळता येतं. घरखर्चाचा पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज तुझ्या डोक्यात तयार असतो. तू खेळायला बसलीस तर बाबांना जड जाईल, हे मी खरंच सांगते.

पैसे मी पाठवणार होते, पण बाबा नको म्हणालात तर तुमचा मान राखते. दुसरी रॅमची पट्टी तेवढी माझ्याकडून, त्याला नाही म्हणू नका.

सहाव्या सिव्हिलायझेशनमध्ये प्ले बाय क्लाउड नावाची सोय आहे. तुम्ही सकाळी तुमची पाळी खेळून ठेवायची, मी कामावरून आले की माझी. दोघांनी एकाच वेळी बसायची गरज नाही. नकाशा लहान ठेवू आणि यंत्राचे प्रतिस्पर्धी दोनच, म्हणजे पाळ्या लांबणार नाहीत. यंत्र बघायला जायच्या आदल्या दिवशी मला कळवा आणि तिथून व्हिडिओ कॉल लावा. आईला फोन टास्क मॅनेजरसमोर धरायला सांगा, पिढी मी वाचून सांगते. मी हो म्हटल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमची लाडकी,
धाकटी