महायुद्धाचं खापर एका गोळीवर कशाला?

संपादक महोदय,
पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की लोक साराजेव्होच्या गोळीवरच (ऑस्ट्रियाच्या युवराजाचा जीव घेणारी ती) येऊन थांबतात, पण ती गोळी सुटली २८ जून १९१४ ला आणि ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला, मधे अख्खा महिना होता, थांबवायचं असतं तर थांबवलं असतं की! उलट जर्मनीनं ऑस्ट्रियाला पाठिंबा देऊन टाकला, तोही डोळे झाकून. आणि युद्ध संपल्यावरचा तह? व्हर्सायला जर्मन प्रतिनिधींना समोरासमोर चर्चाच करू दिली नाही, जे काय ते लेखी द्या म्हणे. वर कलम २३१ ने नुकसानीची जबाबदारी त्यांच्या माथी, १९२१ ला १३२ अब्ज गोल्ड मार्कांचं (सोन्यात मोजलेलं जर्मन चलन) भरपाईचं बिल (त्यातलं बरंचसं नुसतं कागदावरच होतं, ते कुणी सांगत नाही). माझ्या मते तह कडक नव्हता, अर्धवट होता, जर्मनीला डिवचलं पण कायमचं दुबळं काही केलं नाही.
— एक वाचक