विरळ वस्तीच्या देशात बुलेट ट्रेन हवी, पण एकाच पट्ट्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘देश अफाट, माणसे तुरळक, तिथे बुलेट ट्रेन कोणासाठी?’ हा प्रश्न आपल्या पत्रस्तंभात हल्ली दोन-तीनदा वाचला. कॅनडाने फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरांटो ते क्विबेक सिटी असा सुमारे १,००० किलोमीटरचा, ताशी ३०० किलोमीटर वेगाचा मार्ग जाहीर केला, तेव्हापासून हा प्रश्न नव्याने निघाला आहे. ऑस्ट्रेलियात तर हे घोंगडे १९८४ पासून भिजत पडले आहे. माझी सारी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझे म्हणणे असे की, अशा देशाने बुलेट ट्रेन जरूर बांधावी, पण जिथे मोठी शहरे एका रांगेत, तीनेक तासांच्या अंतरात येतात तेवढ्याच पट्ट्यात. उरलेल्या देशाला मात्र ‘ही तुमचीसुद्धा गाडी’ असे सांगू नये. त्यांना लागणारी गाडी वेगळी आहे आणि तिचे पैसे आधी बाजूला काढून ठेवले पाहिजेत.

विरोधकांचा सगळा भर दर चौरस किलोमीटरला माणसे किती, यावर असतो. कॅनडाचे क्षेत्रफळ जवळजवळ एक कोटी चौरस किलोमीटर आणि वस्ती चार कोटींच्या आसपास, म्हणजे किलोमीटरमागे चार माणसे. हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काही कळत नाही. त्या देशातली जवळपास निम्मी माणसे विंडसर ते क्विबेक सिटी या साधारण ११५० किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतात. उत्तरेकडे शेकडो किलोमीटर बर्फ आणि सूचिपर्णी जंगल आहे, म्हणून टोरांटोतल्या माणसाला मॉन्ट्रियलला जायचे नसते असे थोडेच आहे? चीनमध्ये हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने १९३५ मध्ये ईशान्येकडून नैऋत्येकडे नकाशावर एक तिरकी रेघ ओढून दाखवले होते की, देशाची सुमारे ९६ टक्के माणसे त्या रेघेच्या पूर्वेला राहतात. सरासरी काढली असती तर ही गोष्ट दिसलीच नसती. गाडी चौरस किलोमीटरवरून धावत नाही, ती दोन गावांमध्ये धावते.

मग मोजायचे काय, तर त्या गावांमधले अंतर. १९६४ मध्ये जपानने पहिला मार्ग बांधला तो टोकियो-ओसाका, ५१५ किलोमीटर. माद्रिद-बार्सिलोना ६२१ किलोमीटर आहे आणि गाडी ते अडीच तासांत कापते. मोरोक्कोने २०१८ मध्ये टँजिअर ते कॅसाब्लांका हा पावणेपाच तासांचा प्रवास सव्वादोन तासांच्या आत आणला, आणि त्यासाठी फक्त केनित्रापर्यंतचा १८६ किलोमीटरचा तुकडा नवा बांधला. टोरांटो-मॉन्ट्रियल हे अंतर याच मापाचे आहे. आता टोरांटो-व्हँकुव्हर घ्या. रेल्वेने ते ४,४६६ किलोमीटर भरते. थांबे आणि वळणे धरून ताशी २५० ची सरासरी मिळाली तरी अठरा तास लागतील, आणि विमान पाच तासांत पोहोचते. तिथे बुलेट ट्रेनची मागणी करणाऱ्यांनी हा भागाकार एकदा कागदावर करून पाहावा.

यावर हमखास विचारले जाते की, जुन्याच रुळांवर वेग का वाढवत नाही? या प्रश्नाचे उत्तर मी वर्षानुवर्षे हाताने चाचपले आहे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा थोडा उंच ठेवावा लागतो. आम्ही त्याला कँट म्हणतो. गाडी जितकी वेगात तितका कँट जास्त हवा. पण त्याच वळणावरून भरलेली मालगाडी रखडत गेली की तिचा भार आतल्या रुळावर कलंडतो. भर दुपारी अशा वळणावर उभे राहिले की मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, एकामागून एक किंचाळत जातात, आणि शेवटचा डबा गेल्यावर वाकून आतल्या रुळाच्या माथ्यावर बोट फिरवले तर कडेला दबून बाहेर आलेल्या पोलादाची धार बोटाला लागते. माथा चेपून सपाट झालेला असतो. मालगाडीची सोय म्हणून कँट उतरवला की प्रवासी गाडीचा वेग उतरवावा लागतो, आणि प्रवासी गाडीसाठी चढवला की रूळ लवकर बदलायला येतो. दोघींना एकाच वेळी खूश करणारे वळण मी नोकरीभर पाहिले नाही.

शिवाय वेग दुप्पट करायचा तर वळणाची त्रिज्या चौपट लागते. वाफेच्या इंजिनांच्या काळात नदीकाठाने आणि डोंगराच्या कडेने वळत गेलेल्या मार्गाला ती कुठून मिळणार? कॅनडात तर प्रवासी गाड्या बहुतांशी मालवाहतूक कंपन्यांच्या मालकीच्या रुळांवरून धावतात. लांबलचक मालगाडी समोरून आली की प्रवासी गाडी लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबते. सिडनी-मेलबर्न रेल्वेप्रवासाला आजही अकरा तासांच्या आसपास लागतात, आणि म्हणूनच त्या दोन शहरांमधला विमानमार्ग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एक आहे. त्यामुळे प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही, हे ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तरी कोणी सांगू नये.

जुन्या रुळांवर नवी गाडी चढवण्याचा प्रयोग कॅनडाने करून पाहिला आहे. टर्बो नावाची, गॅस टर्बाइनवर चालणारी आणि वळणावर आपोआप झुकणारी गाडी त्यांनी आणली. डिसेंबर १९६८ मध्ये पत्रकारांना बसवून तिची पहिली फेरी निघाली. सुमारे तासाभरात किंग्स्टनजवळच्या फाटकावर ती एका ट्रकला धडकली. त्याच गाडीने १९७६ मध्ये चाचणीत ताशी २२६ किलोमीटरचा वेग गाठला, म्हणजे यंत्रात खोट नव्हती. पण रोजच्या सेवेत तो वेग तिला कधीच काढता आला नाही, कारण वाटेत फाटके होती, पुढे मालगाड्या होत्या. १९८२ मध्ये ती बंद झाली. त्या इंजिनिअरांबद्दल मला आजही वाईट वाटते. गाडी त्यांनी उत्तम केली होती, तिला वाट कोणी करून दिली नाही.

म्हणून नवा मार्ग हवा : स्वतंत्र रूळ, एकही फाटक नाही, दोन्ही बाजूंना सलग कुंपण. हे महाग आहे आणि इथे विरोधकांचे म्हणणे मला पटते. अशा मार्गाचा खर्च प्रवाशांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त होत नाही. जपानच्या त्या पहिल्या मार्गावर रात्री बारा ते सकाळी सहा एकही गाडी सोडत नाहीत, तेवढ्या वेळात रूळ, खडी आणि ओव्हरहेड तारा तपासतात. दिवसाला दहा गाड्या धावोत की तीनशे, ताशी ३०० चा मार्ग असेल तर ही रात्रपाळी चुकत नाही. चीनने लांजोऊ ते उरुमची हा १,७७६ किलोमीटरचा मार्ग २०१४ मध्ये वाळवंटातून नेला, वादळी वाऱ्याने डबे उलटू नयेत म्हणून मैलोन् मैल भिंती उभारल्या, आणि त्यावर पूर्वेकडच्या मार्गांच्या मानाने गाड्या मोजक्याच धावतात. राज्यकर्त्यांना नकाशाची दोन टोके जोडायची हौस असते. ती विरळ देशाला परवडत नाही.

मधल्या वस्त्यांचे काय, हा प्रश्न तितकाच अवघड आहे. फ्रान्समध्ये ओत-पिकार्दी नावाचे स्टेशन दोन शहरांच्या मधोमध उघड्या शेतांत बांधले. आजूबाजूला बीटची शेती, जोडणारी रेल्वे नाही. लोक त्याला बीटचे स्टेशनच म्हणू लागले. स्पेनने मात्र १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिल मार्ग नेताना सिउदाद रेआल या लहानशा शहराला थांबा दिला. माद्रिद तिथून तासाभराच्या आत आले, आणि माणसे तिथे राहून राजधानीत नोकरीला जाऊ लागली. दोन्ही ठिकाणी गाडी सारख्याच वेगाची, फरक पडला तो स्टेशन गावाला लागून आहे की नाही याचा. कॅनडाच्या आराखड्यात पीटरबरो आणि त्र्वा-रिव्हिएर या गावांना थांबे आहेत, ते गावाबाहेर ढकलले जाणार नाहीत यावर तिथल्या लोकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

आणि जिथे बुलेट ट्रेन कधीच जाणार नाही तिथल्या लोकांबद्दल. हडसन उपसागराच्या काठावर चर्चिल नावाचे हजाराच्या आतल्या वस्तीचे गाव आहे. तिथे रस्ता जात नाही. एक रेल्वे जाते, गोठलेल्या दलदलीवरून, सावकाश. मे २०१७ मध्ये पुराने त्या रुळांखालचा भराव जागोजागी वाहून गेला. दुरुस्ती कोणी करायची, यावर मालक आणि सरकार यांच्यात वाद चालला आणि पुढची मालगाडी गावात शिरायला २०१८ ची शरद ऋतूची अखेर उजाडली. सुमारे सतरा महिने! तोवर दूध, भाजी, इंधन सारे विमानाने नाहीतर जहाजाने. भराव वाहून गेल्यावर रूळ कसे अधांतरी लोंबतात हे मी पाहिले आहे, आणि खडी, माणसे, यंत्रे वेळेवर मिळाली तर अशी दुरुस्ती किती दिवसांत होते हेही मला ठाऊक आहे. सतरा महिने ही दुरुस्तीची मुदत नव्हे, ती दुर्लक्षाची मुदत आहे. एका पट्ट्यासाठी हजारो कोटी डॉलर काढणाऱ्या सरकारने चर्चिलसारख्या मार्गांच्या देखभालीची रक्कम त्याच कायद्यात बांधून द्यावी. असे झाले तर बुलेट ट्रेनला आडगावातून होणारा निम्मा विरोध मावळेल, आणि तो विरोध आज अगदी रास्त आहे.

स्वीडनचे उदाहरण माझ्या विरोधात जाते, ते टाळत नाही. तिथल्या सरकारने २०२२ च्या अखेरीस स्टॉकहोमहून गोथेनबर्ग आणि माल्मोकडे जाणाऱ्या अतिवेगवान मार्गांचे काम बहुतांशी थांबवले. पण त्यांच्याकडे १९९० पासून ताशी २०० किलोमीटरने धावणाऱ्या, वळणावर झुकणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्या धावू शकतील असे रूळ त्यांनी राखले आहेत. ज्याच्या घरात दिवा आहे त्याने विजेचा मोठा दिवा लांबणीवर टाकला तर चालते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया अजून अंधारात आहेत.

ऑस्ट्रेलियाने चार दशकांत अहवालांवर अहवाल केले. २०१३ च्या अहवालात ब्रिस्बेन ते मेलबर्न १,७४८ किलोमीटरचा खर्च ११४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर निघाला आणि सगळे गप्प झाले. आता न्यूकॅसल-सिडनी या छोट्या टप्प्यापासून सुरुवात करायचे चालले आहे, आणि तेच शहाणपणाचे आहे. पण दरम्यान शहरे पसरत राहिली. ओसाड माळावरून रूळ टाकणे स्वस्त असते, शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर, जिथे घरांखालून बोगदा काढावा लागतो, तिथे पैसा जातो. मार्ग दहा वर्षांनी बांधायचा असला तरी त्याची जमीन आज आरक्षित करता येते, आणि हे काम एका अधिसूचनेचे आहे.

एक शेवटची विनंती, कुंपणाबद्दल. सलग कुंपण म्हणजे कोणाच्या तरी शेताचे दोन तुकडे. घर या बाजूला, गोठा त्या बाजूला, आणि ट्रॅक्टरला वळसा वीस किलोमीटरचा. हा माणूस गाडीत कधी बसणार नाही, त्याच्या दारातून ती चार सेकंदांत निघून जाईल. त्याच्यासाठी भुयारी वाट कुठे असावी हे मार्गाची आखणी पक्की होण्याआधी, त्याच्या बांधावर उभे राहून ठरवावे. एकदा भराव पडला की मग कोणी त्याचे ऐकत नाही, हे मी भरावावर उभा राहून पाहिले आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे अभियंता