ब्रिजला दहा वर्षांची वॉरंटी, आणि माझ्या दाढेला?

लालबाग, मुंबई
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुंबई विभागीय कार्यालय

विषय : तुमच्या दातांच्या दवाखान्याच्या दादर शाखेत १८ मे २०२४ रोजी बसवलेला तीन युनिटचा (तीन दातांचा) झिर्कोनिया (कडक, पांढऱ्या सिरॅमिकचा) ब्रिज, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर टेकवलेला पूल, नीट न बसल्याबाबत आणि त्यापायी माझी धडधाकट दाढ किडल्याबाबत.

महोदय / महोदया,

५ जानेवारीला तुमच्या कॉल सेंटरमधून फोन आला. "सर, तुमचा ब्रिज इंटॅक्ट आहे, त्यामुळे वॉरंटीत काही बसत नाही. कम्प्लेंट क्लोज करते." मुलगी बोलायला गोड होती आणि तिचं म्हणणं खरंही आहे. ब्रिजला टवकासुद्धा उडालेला नाही. त्याच्या खालची दाढ सडली आहे, आणि माझी तक्रार त्या दाढेची आहे. फोनवर हे दोनदा सांगून झालं, म्हणून आता कागदावर लिहितो.

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून टर्नर (लेथवर धातू घासून मापात आणणारा कामगार) म्हणून निवृत्त झालो. वय ६१. दातांचं शास्त्र मला कळत नाही, पण एक वस्तू दुसऱ्या वस्तूवर बसली आहे की नाही हे मला कळतं. चौतीस वर्षं त्याचाच पगार घेतला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझी उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ काढावी लागली. ही दाढ सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते. घरच्यांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल आणि दुसरी येईल. माझ्या आईलाही तसंच वाटलं असणार. तरी पन्नासएक वर्षं चालली, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जखम भरायला तीन महिने दिले आणि मेच्या सुरुवातीला तुमच्या दादर शाखेत आलो.

काउन्सेलर मॅडमनी टॅबवर चित्र दाखवलं. एका युनिटचे १२,०००, तीन युनिटचे ३६,००० रुपये. दात एक गेला आणि पैसे तिघांचे का, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की दोन्ही शेजाऱ्यांवर कॅप बसणार, मध्ये लटकता दात, आणि तिन्ही मिळून एक अखंड तुकडा. हे मला पटलं. पैशांबद्दल माझा वाद नाही, १०,००० त्याच दिवशी आणि उरलेले बसवायच्या दिवशी चुकते केले. पावत्या सोबत आहेत.

मला सांगितलं नाही ते वेगळंच. कॅप बसवायची तर त्या दोन शेजाऱ्यांना चहूबाजूंनी घासून बारीक करावं लागतं आणि घासलेलं दाताचं कवच पुन्हा कधी येत नाही, हे कोणी बोललं नाही. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, केलं तर शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, हेही नाही. इम्प्लांटचा उल्लेख झाला तो "महाग पडेल आणि सहा महिने जातील" एवढाच. काढता-घालता येणाऱ्या प्लेटचं तर नावच निघालं नाही. तुम्ही संमतीपत्र दाखवाल, त्यावर माझी सही आहे. ती इंजेक्शन दिल्यावर, अर्धा जबडा बधिर असताना, टॅबवर बोटाने घेतली होती. मजकूर इंग्रजीत, चार स्क्रीन लांब, आणि असिस्टंट वर सरकवत म्हणाली, "काका, इथे करा."

मिसेस म्हणते, जन्मभर लोखंड घासलं, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. तिचं बरोबर आहे. लेथवर नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी हेच सांगायचो, जास्तीचं काढता येतं, कमी झालेलं भरता येत नाही. मापाच्या खाली गेला की जॉब भंगारात. माझे ते दोन दात, म्हणजे तुमच्या नंबरात पुढचा ४५ आणि मागची दाढ ४७, यांना आयुष्यात कधी भोकसुद्धा पडलं नव्हतं.

९ मेला कॅपसाठी ते दोन दात घासून बारीक केले. जळक्या नखासारखा वास येत होता. मग पुटीने माप घेतलं आणि घरी पाठवलं, उघडेच. टेंपररी कॅपचं विचारलं तर उत्तर आलं, "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे." ते नऊ दिवस मी माठातलं पाणीसुद्धा डाव्या बाजूने प्यालो. टेंपररी ही काही पेशंटची हौस नसते, हे नंतर कळलं. घासलेला दात झाकला जातो, हिरडी कडेवर चढत नाही आणि दात जागचे हलत नाहीत, त्यासाठी ती असते. माप ज्या जागेचं घेतलं, ती जागा ब्रिज येईपर्यंत तशीच राहावी लागते.

१८ मेला शनिवार होता. घासणारे डॉक्टर आले नव्हते, दुसरेच होते आणि त्यांना पुढे ठाण्याला जायचं होतं. ब्रिज पहिल्यांदा बसला नाही. आतून घासला, पुन्हा बसवून पाहिला, पुन्हा घासला. निळा कागद चाववून वरची उंची चार-पाच वेळा कमी केली. एवढं सगळं वरच्या बाजूला. खाली कडेला काय चाललंय ते कोणी पाहिलं नाही, एक्स-रे घेतला नाही, कच्चा बसवून दोन दिवस वापरून बघा असंही म्हटलं नाही. सिमेंट भरलं, कापसाची गुंडाळी दाढांमध्ये दिली आणि "जोरात चावून धरा." आमच्याकडे जॉब बसत नसेल तर ठोकून बसवणाऱ्याला चार्जमन (आमचे सुपरवायझर) सगळ्यांदेखत बोलायचे.

जूनपासून अन्न अडकायला लागलं. मेथीची भाजी, चिकनचा धागा, काहीही. तुमच्याच माणसाने पुलाखालून घालायचा जाड दोरा आणि बारीक ब्रश दिला, रोज रात्री वापरा म्हणाला. मी वापरला, आजही वापरतो. आता हे नीट वाचा. पुढच्या कॅपच्या कडेवरून दोरा गुळगुळीत निघतो. मागच्या कॅपच्या आतल्या कडेला, लटकत्या दाताच्या बाजूने, तो अडकतो आणि ओढला की पिंजून बाहेर येतो. रोज, त्याच जागी. वास येतो तो वेगळा. वर्कशॉपमध्ये फट मोजायला फीलर गेज असायचा, तोंडात माझा हा दोरा होता. गणपतीनंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, पिंजलेला दोरा कागदात गुंडाळून तुमच्या शाखेत नेऊन दाखवला. मार्च २०२५ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा डॉक्टर नवे. दोन्ही वेळा फाइलमध्ये लिहिलं, पेशंटला तोंडाची स्वच्छता समजावली. एक्स-रे दोन्ही वेळा नाही. (तंबाखू मी १९९८ साली सोडली आणि साखर तपासलेली आहे, तेव्हा त्या वाटेने जाऊ नका.)

दिवाळीत चहाने सुरुवात झाली, मग रात्रीचा ठणका. फराळाला घरात चकली होती, मी चिवडा भिजवून खाल्ला. शेवटी मुंबई सेंट्रलला नायरच्या दंत रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला, दोन तास रांगेत बसलो, आणि पंचविशीच्या एका मुलीने दहा मिनिटांत जे केलं ते तुमच्याकडे दीड वर्षात झालं नव्हतं. टोकदार सळीने कडेवरून फिरवलं. मागच्या कॅपच्या आतल्या कडेला सळी आत गेली. मग एक्स-रे, आणि मोठ्या डॉक्टरांनी तो मला स्क्रीनवर दाखवला. झिर्कोनिया पांढराफेक दिसतो, त्याच्या आतलं काही दिसत नाही. पण त्याच्या कडेखाली दाढेत काळी सावली आहे, थेट नसेजवळ पोचलेली. कड उघडी, त्यातून सिमेंट झिजून गेलं, थुंकी आणि अन्न आत गेलं, आणि कॅपने झाकलेली कीड आतल्या आत वाढत राहिली. ब्रिज शाबूत काढता येईलच असं नाही, बहुधा कापावा लागेल. मग दाढ किती उरते ते पाहून रूट कॅनल.

आणि उरली नाही तर? माझी अक्कलदाढ कधीच गेली आहे, त्यामुळे ४७ हीच त्या बाजूची शेवटची. मागचा खांबच गेला तर पूल टाकणार कशावर? मग इम्प्लांट किंवा प्लेट. म्हणजे ज्या दोन गोष्टींची नावं मला २०२४ मध्ये कोणी नीट सांगितली नाहीत, तिथेच येऊन थांबायचं, दोन धड दात घासून आणि ३६,००० रुपये देऊन.

वॉरंटी कार्डाबद्दल थोडक्यात. तीनदा मागितल्यावर हातात आलं. ए-थ्री शेड (दाताचा रंग), तीन युनिट, दहा वर्षं. आत बारीक अक्षरात लिहिलंय की ब्रिजला तडा गेला किंवा तो तुटला तर बदलून मिळेल. झिर्कोनिया कडक म्हणूनच तर तुम्ही तो विकता, तो कशाला तुटतोय! तुमचे शाखा व्यवस्थापक म्हणाले, वॉरंटी ब्रिज बनवणाऱ्या लॅबची असते, दाढेची जबाबदारी पेशंटची. मग नव्या ब्रिजवर पंचवीस टक्के सवलत देऊ केली. मी चहा न घेता उठलो.

माझं मागणं असं आहे. माझ्या फाइलची पूर्ण प्रत द्या. घासण्यापूर्वीचा एक्स-रे, संमतीपत्र, लॅबला पाठवलेली चिठ्ठी, आणि प्रत्येक भेटीत कोणत्या डॉक्टरने काय लिहिलं ते सगळं त्यात हवं. ब्रिजचे ३६,००० रुपये परत करा. ब्रिज कापून रूट कॅनल करण्याचं परळच्या एका डॉक्टरांचं ८,५०० रुपयांचं अंदाजपत्रक जोडलं आहे, तेही तुम्ही भरायचे, कारण हे काम मी तुमच्या शाखेत करून घेणार नाही. दाढ वाचली नाही तर पुढचा खर्च वेगळा कळवीन. आणखी एक, संमतीपत्र मराठीत करा आणि त्यात पहिलीच ओळ "तुमचे दोन चांगले दात घासले जातील" अशी घाला. इंजेक्शनच्या आधी वाचायला द्या.

उत्तरासाठी ३० दिवस देतो. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. मी ती सावधपणे ब्रिज बसवल्याच्या दिवसापासून धरतो, म्हणजे मे २०२६. तुमच्या फॉर्मवर वाद बेंगळुरूच्या कोर्टात चालेल असं छापलंय, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच सांगून ठेवलं आहे. भाचा वकील आहे, त्याने हे सगळं लिहून दिलं. तिथे जायची मला हौस नाही.

माझं नाव, पत्ता, फाइल क्रमांक, पावत्या, नायरचा केसपेपर, एक्स-रेची प्रत आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पिंजलेला दोराही पाकिटात घातला आहे, तो तुमच्या तांत्रिक विभागाला द्यावा.

फोन करायचा असेल तर दुपारी १ ते ३ सोडून करा. तेव्हा मी जेवत असतो, आणि हल्ली एका बाजूने चावून जेवायला वेळ लागतो.

आपला,
दादर शाखेचा पेशंट