तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशी नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे भाषण होते, फोटो व्हॉट्सॲप गटावर जातात आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा होती तशीच सुरू राहते. कोकणातल्या शाळांना गरज आहे ती ठरलेल्या जागेची, ठरलेल्या वेळेची आणि ठरलेल्या माणसाची. यातले बरेचसे पैशाविना होण्यासारखे आहे.

तक्रारपेटीचेच घ्या. बहुतेक ठिकाणी ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगलेली असते. चाळीस-पन्नास पटाच्या शाळेत तिथे चिठ्ठी टाकणारे मूल सगळ्यांना दिसते आणि अक्षर तर बाई लांबूनही ओळखतात. पेटी रिकामी राहते आणि ‘तक्रार निरंक’ असा अहवाल वर जातो. पेटी पाण्याच्या टाकीकडे किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर लावावी. दर शुक्रवारी दोघांनी मिळून उघडावी, त्यात एक शिक्षिका असावी. मजकूर लिहायचा आग्रह नको. ‘भेटायचे आहे’ आणि इयत्ता एवढे पुरे. चिठ्ठी आल्याचे वर्गात बोलू नये. एकदा तसे झाले की त्या वर्षी दुसरी चिठ्ठी येत नाही.

पण सगळी मुले चिठ्ठी लिहीत नाहीत. आपल्याकडे कितीतरी मुलांचे आईवडील मुंबईला आणि मुले गावी आजीआजोबांपाशी असतात. गणपतीत घर भरते, विसर्जनानंतर चाकरमानी परततात आणि त्या आठवड्यात काही मुले गप्प होतात. ते बहुधा आपोआप निवळते. दोन आठवडे उलटूनही मूल मधल्या सुट्टीत एकटे बसत असेल, डबा तसाच परत नेत असेल, दर सोमवारी पोट दुखते म्हणून घरी राहत असेल, तर विचारायला हवे. ‘काय झाले रे तुला?’ असे भर वर्गात नव्हे. व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी, बरोबरीने बसून: ‘पंधरा दिवस बघतेय, तू खेळायला जात नाहीस. काही होतंय का?’ मग थांबायचे. त्या शांततेत शिक्षकांना घाई होते, लगेच उपदेश सुरू होतो, आणि मूल ‘काही नाही, बाई’ म्हणून उठते. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळे होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला क्षणभरही एकटे सोडायचे नाही, घरच्यांना बोलवायचे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे. घरातली कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवायला सांगायचे. हे सांगायचे हमखास राहून जाते. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. तो दाराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवावा.

आजी म्हणेल, बाहेरचे झाले आहे, देवाकडे गाऱ्हाणे घालू. तिला हसू नये, अडवू नये. गाऱ्हाणे घाला आणि डॉक्टरही दाखवा, असे म्हटले की ती ऐकते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण ते नाव काढले की घरचे बिचकतात; सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाने केलेली बरी.

दहावीचा निकाल हा वेगळाच दिवस. कोकण मंडळ राज्यात पहिले आल्याचा आनंद सगळ्यांनाच असतो, त्या गजबजीत नापास झालेले मूल घरात कोंडून बसते. यादी हाती येताच दोन शिक्षकांनी ती वाटून घ्यावी आणि संध्याकाळच्या आत त्या घरांना फोन करावा, पुरवणी परीक्षेची माहिती द्यावी. अभिनंदनाचा फलक दुसऱ्या दिवशी लागला तरी चालतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले; त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. आमच्या वाडीवरच्या शाळा या दुसऱ्या गटात मोडतात, आणि तिथेच सगळे अडते. जिल्हा परिषदेने दर केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक समुपदेशक नेमून त्याच्या भेटीचा वार ठरवून द्यावा. वार ठरला नाही तर पावसाळ्यात तो येतच नाही.

आणि हे सारे करायचे कोणी? द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्याकडे चार वर्ग, पोषण आहाराची नोंद आणि ‘आजच पाठवा’ म्हणून मागितलेली ऑनलाइन माहिती. घाटावरून आलेले कित्येक शिक्षक जून ते सप्टेंबर भाड्याच्या खोलीत एकटे राहतात. स्वतः पिचलेल्या माणसाला मुलाच्या शांततेत थांबता येत नाही. संध्याकाळी सहानंतर व्हॉट्सॲप गटावर माहिती मागू नये, एवढा एक आदेश शिक्षण विभागाने काढला तरी फरक पडेल. केंद्राच्या शिक्षण परिषदेतला पहिला अर्धा तास शिक्षकांनी आपसात बोलण्यासाठी राखावा, तिथे अधिकारी नकोत, इतिवृत्तही नको. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही प्रशिक्षणाला बोलवावे. कोणाच्या घरी काल चूल पेटली नाही, हे मुले आधी त्यांनाच सांगतात.

आपला,
एक शालेय समुपदेशक, जि. रत्नागिरी