जुनी रायफल लख्ख करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लष्करी रायफली जमवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. ‘हाती आलेली रायफल आधी घासूनपुसून लख्ख करावी’ हा त्यातला सल्ला मात्र घातक आहे. पारख होते ती जुन्या पृष्ठभागावरूनच. तोच खरवडला तर तपासायचे काय?

लख्ख करण्याआधी ती रिकामी आहे का, हे पाहावे. १८५३ च्या एनफील्डसारख्या ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो आणि काळी दारू कोरडी असेल तर कितीही वर्षांनी पेटते. लाकडी काठी नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी, मग तीच काठी नळीला बाहेरून लावावी. टोक निपलच्या (नळीच्या मागच्या टोकाशी टोपी बसवायच्या नळकांडीच्या) बरेच अलीकडे थांबले, तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक जाणकाराकडेच द्यावी.

आता धातूवर ठोकलेले शिक्के. भिंगातून मूळ अक्षरांच्या कडा तीक्ष्ण दिसतात. बफ मारलेल्या धातूवर त्या पुसट होतात, स्क्रूच्या भोकाची कड बशीसारखी खोलगट होते. काळ्या मुलाम्याखाली गंजाचे खड्डे असतील तर मुलामा नंतरचा. अर्थात तो लष्करी कारखान्यातलाही असू शकतो. ली-एनफील्ड या नंतरच्या ब्रिटिश रायफलीवर ‘एफटीआर’ अक्षरे असली, तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाली आहे. ही लबाडी नव्हे, तो त्या रायफलीचा इतिहासच.

ली-एनफील्डच्या रिसीव्हरवरचा (नळीमागच्या धातूच्या सांगाड्यावरचा) आणि त्यात सरकून नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या दांडीवरचा क्रमांक जुळतो का, हे आधी पाहावे. बोल्ट त्या-त्या रिसीव्हरला घासून बसवलेला असे, त्यामुळे परका बोल्ट असेल तर काडतुसामागची मोकळी जागा वाढलेली असू शकते आणि काडतूस फाटू शकते. ‘डीपी’ शिक्क्याची रायफल कवायतीपुरतीच. तिच्यातून बार काढू नये.

लाकडाला पॉलिश पेपर तर नकोच. मूळ लाकूड धातूच्या कडेपेक्षा केसभर उंच असते. घासले की ते खाली बसते आणि दस्त्यावरचे शिक्केही जातात. धूळ पुसून जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ हात द्यावा, वॉर्निश टाळावे. नळीत बार पेटवणाऱ्या जुन्या क्लोरेटी टोप्यांचे, गंज धरवणारे क्षार राहिले असतील तर ते तेलात विरघळत नाहीत. आधी गरम पाणी, मग कोरडे फडके, शेवटी तेल.

आपले,
जुन्या शस्त्रांचे काही अभ्यासक