एका शून्याबद्दल

प्रिय वैजू,

दिवाळीत फोन करते म्हणाले आणि केला नाही. शिव्या नंतर दे. गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं ऐक, कारण घरी सांगितलं तर "पेपर तपासून झाले ना?" एवढंच विचारतात.

कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रात, बी.एस्सी.चे पेपर तपासत होते. एन्टामीबाच्या, म्हणजे आमांशाच्या अमिबाच्या, पेशीची वैशिष्ट्यं, दोन मार्क. नमुना उत्तरात 'मायटोकॉन्ड्रिया नसतात', म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे ते कप्पे नाहीत. गठ्ठाभर पोरांनी तेच उतरवलेलं, स्वल्पविरामासकट. आणि एकीनं (अक्षरावरून पोरगीच, हसू नकोस) लिहिलंय: 'मायटोकॉन्ड्रियाचा अवशेष असतो, त्याला मायटोसोम म्हणतात. त्यात डीएनए नसतो.' मी दोन्ही मार्क दिले. फेरतपासणी करणाऱ्या मॉडरेटरांनी त्यावर काट मारून शून्य केलं. म्हटलं, सर, हे १९९९ सालीच सापडलंय. तर म्हणे, "मॅडम, पुस्तकात नाही ना?"

होस्टेलच्या गच्चीवर याच वाक्यावरून आपण अबोला धरला होता, आठवतं? तू कॅव्हेलियर-स्मिथ या जीवशास्त्रज्ञाची वकील. जिआर्डियासारखे एकपेशी परजीवी मायटोकॉन्ड्रिया यायच्या आधीच वेगळे झाले, हे त्याचं १९८३चं म्हणणं तू स्वतःचं असल्यासारखं सांगायचीस. मी म्हणायचे, होते आणि गेले. पुरावा तुझ्याकडेही नव्हता नि माझ्याकडेही. आवाज मात्र तुझा मोठा.

पुरावा निघाला तो प्रथिनांतून. एन्टामीबात सीपीएन-६० हे अस्सल मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन आहे. त्याच्या टोकाचा छोटा तुकडा कापला, की ते पेशीद्रवातच भटकत राहतं. त्या जागी ट्रिपॅनोसोमा या दुसऱ्या परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियल प्रथिनाचं टोक जोडलं, की मुकाट आपल्या जागी जाऊन बसतं. म्हणजे जायला जागा आहे! २००३ मध्ये जिआर्डियातही तशाच इवल्या पिशव्या सापडल्या. ऊर्जा वगैरे काही नाही. लोह-गंधकाचे गुच्छ जुळवायचे, बस. एन्टामीबानं तर तेही काम जीवाणूंकडून उचललेल्या जनुकांवर सोपवलंय आणि मायटोसोमात सल्फेट सक्रिय करत बसलाय. सगळा संसार विकला, पण घर मोडलं नाही, असला प्रकार.

तू रोज तुझ्या लॅबमध्ये आयोडीन टाकून या परजीवींच्या सिस्ट, म्हणजे कवचातल्या पेशी, बघतेस, तुला हे त्या कॅपमधल्या कुणापेक्षाही जवळचं. तुझ्या रिपोर्टवर डॉक्टर मेट्रोनिडाझोल लिहितात ना? ट्रायकोमोनास या परजीवीत ते औषध हायड्रोजनोसोमात जाऊन इलेक्ट्रॉन घेतं आणि तिथेच विषारी होतं. हायड्रोजनोसोम म्हणजे त्याच कुळातला, हायड्रोजन सोडणारा भाऊबंद. म्हणजे ज्याला आपण 'नसतो' म्हणून काट मारतो, त्याच्याच भावाच्या घरात औषधाचं काम चालतं.

ती पोरगी कुठली, कोणत्या कॉलेजची, मला कळणार नाही. पेपरवर नुसता बारकोड. दोन मार्कांसाठी फोटोकॉपी कोण मागवतंय? शिवाय फी भरायची, ती वेगळीच. मला भीती ही, की पुढच्या वेळी ती शहाण्यासारखं 'नसतात' लिहून मोकळी होईल. हे तिनं कुठे वाचलं असेल गं? कुणीतरी शिकवलं असेल तर त्या मास्तरलाही सांगायला हवं, की तुझं चुकलं नाही. रात्री झोपेत त्या शून्याचा गोल दिसतो. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तुला स्वप्नंसुद्धा अमिबाचीच पडतात."

तुझ्या नव्या मशीनचे हप्ते संपत आले का? आणि ओंकारचं बंगलोरचं काय ठरलं, सविस्तर लिही. काकूंना नमस्कार.

मी अभ्यासमंडळाला पत्र लिहिलंय: ते वाक्य नमुना उत्तरातून काढा आणि या वर्षीचे पेपर पुन्हा बघा. पहिलं होईल, दुसरं होणार नाही. पण तुझी सही हवी, लॅबच्या शिक्क्यासकट. नुसत्या मास्तरणीचं कोण ऐकतो? सोबतचा कागद कुरियरनं उलट पाठव, आळस करू नकोस.

तुझी,
मंगल

ता.क. तुझ्या बाजूनंही एक सांगायला हवं, नाहीतर म्हणशील लपवलं. २०१६ मध्ये चिंचिला नावाच्या प्राण्याच्या आतड्यातला मोनोसर्कोमोनॉइडिस हा एकपेशी जीव निघाला, त्यात मायटोकॉन्ड्रियाचा मागमूसही नाही. पण त्याच्या पूर्वजांकडे होता, यानं गमावला. म्हणजे तेही माझंच खरं.